एकट्या माणसाला खोली नाही

जाम

पाँडिचेरीला जाऊन आलो म्हटलं की चौकातले लोक पहिले विचारतात, समुद्र कसा होता. समुद्राचं मागाहून सांगीन. आधी तिथल्या लॉजवाल्यांचं सांगतो, कारण शिव्या देणं सुरू करायचं तर तिथूनच करावं लागेल.

मी चौथी शिकलेला माणूस. जाम चौकात, नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, माझं चहा-भज्याचं दुकान आहे आणि दुकानामागे घर. चहा मी करायचो, भजे बायको तळायची. मागच्या श्रावणात ती गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात पाऊस लागल्यापासून खाटेवर होती. तिच्या खाटेसमोर भिंतीवर एक कॅलेंडर होतं, पाँडिचेरी गावाचं. पिवळ्या भिंतींची घरं, लाल फुलांचा वेल, सरळ रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला निळं पाणी. ती दिवसभर त्याच्याकडे पाहायची. एक दिवस म्हणाली, "एवढ्या भिंतीले दरवर्षी चुना कोण मारत असन?" तेवढंच. तिकडे घेऊन चला वगैरे काही म्हणाली नाही. तिला फिरण्याचा शौक नव्हता आणि मलाही नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजी गेले, पाहुणे जेवले, आणि भांडी घासून व्हायच्या आधी माझ्या पोरानं विषय काढला. राजू नागपूरला नोकरी करतो. रस्ता चौपदरी होणार म्हणून चौकातल्या जागांना गिऱ्हाईक फिरत होतं.

"बाबा, तुम्ही नागपूरले चाला. हे विकून टाकू."

"काऊन?"

"एकटे कसे राहान? भाजीत मीठ किती टाकाचं हे तरी माहीत हाये का तुमाले?"

"जिंदगीभर भजे विकले मी."

"विकले तुम्ही. तळले मायनं."

खरं होतं, म्हणून जास्त राग आला. तेव्हा त्याला घालवून दिलं. पण माघात तो पुन्हा आला, तो गिऱ्हाईक सोबत घेऊनच. पांढऱ्या गाडीतला तो माणूस माझ्या घरात पायातले जोडे न काढता शिरला आणि भिंतीवर बोटानं टकटक करून पाहू लागला. मी त्याला हाकललं. मग राजूची आणि माझी जुंपली.

"एक हप्ता एकटे राहून दाखवा," राजू म्हणाला. "घरी नाई, घरी शेजारी हायेत. अनोळखी गावात. ना सोयरा, ना धायरा. घरी फोन नाई कराचा. तसे राहून आले तर मी घराचं पुन्हा नाव नाई काढणार. अन् मधात फोन केला, तर गुपचूप नागपूरले याचं."

"मंजूर," मी म्हणालो.

त्याला वाटलं, बुढा बोलून गप्प बसेल. दूरच्या गावांपैकी मला एकाच गावाचं नाव माहीत होतं. चौथ्या दिवशी मी गाडीत होतो.

पाँडिचेरी, सकाळ

गाडीतलं काही सांगत नाही. मद्रासपर्यंत गाडी, तिथून बस, सगळ्यांच्या जाते तशीच माझीही गेली. फक्त एक झालं. जवसाची चटणी मी स्वतः कुटून घेतली होती, तिच्या डब्याचं झाकण बसमध्ये उघडलं आणि सगळी चटणी पिशवीतल्या धोतरात सांडली. जवस भाजताना जळालं होतं. त्यामुळे पाँडिचेरीत मी उतरलो तेव्हा माझ्या पिशवीला जळक्या तेलाचा वास होता. पुढच्या गोष्टी सांगताना हे ध्यानात ठेवा.

पहिल्या लॉजमध्ये टेबलामागे तेल लावलेल्या केसांचा पोरगा होता. मी म्हणालो, "रूम." त्यानं माझ्या मागे पाहिलं. मग दारात जाऊन रस्त्यावर पाहिलं. परत येऊन एक बोट वर केलं. मी मान हलवली, हो, एक. त्यानं हात हलवून दार दाखवलं.

दुसऱ्या लॉजमध्ये तसंच. एक बोट, आणि दार.

तिसऱ्या लॉजमध्ये बाहेर पाटी होती. तिच्यावर इंग्रजीत काय आहे ते कळलं नाही, पण मागच्या फळीवर किल्ल्या लटकताना दिसत होत्या. तिथल्या माणसानं माझा धोतर-सदरा खालून वर पाहिला, नाकाला पिशवीचा वास लागला, आणि म्हणाला, "नो. सिंगल नो."

माझं डोकं गेलं. मी काय समजलो असेन ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. आम्ही बौद्ध. माझ्या बापाला चहा वेगळ्या कपात मिळे आणि तो कप त्यालाच धुवावा लागे. मी दुकान टाकलं तेव्हा गावातली चार घरं माझ्या दुकानासमोरून जात आणि पलीकडच्या टपरीवर चहा पीत. ट्रकवाल्यांनी माझं दुकान चालवलं, कारण ट्रकवाल्याला फक्त चहा गरम आहे की नाही तेवढं पाहायचं असतं. हा राग माझ्यात नेहमी तयारच असतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा, वरून राख असली तरी. मी टेबलावर हात आपटला.

"माही जात कोणी सांगितली तुले? कपाळावर लिवली हाये का? अरे, जाम चौकात माह्या हातचा चहा पंजाब्यानं पेला, मद्राशानं पेला, तुह्यासारख्या छप्पन जणाईनं पेला. बौद्ध हाये मी. हो, हाये. जयभीम. आता काय करतं ते कर."

एवढं सगळं त्याच्या भाषेत शून्य होतं. तो माझ्याकडे घाबरून पाहत होता. मग त्यानं पाण्याचा ग्लास भरून माझ्यासमोर ठेवला. जात पाहणारा माणूस पाण्याचा ग्लास देत नाही. मी तिथंच गोंधळलो. पाणी प्यालो, पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

सेठजीचं दुकान

आमच्याकडे म्हण आहे म्हणा की अनुभव म्हणा, जिथं बाजार तिथं मारवाडी. शोधला तर सापडलाच. सोनं गहाण ठेवायचं दुकान, गादीवर बसलेला म्हातारा सेठ, आणि तोंडात हिंदी. दोन दिवसांनंतर समजणारी भाषा ऐकली तर डोळ्यांत पाणी येतं, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं.

सेठ हसला. "अरे बाबा, जात-वात कौन पूछता है. अकेला आदमी यहाँ मरने आता है."

"क्या?"

"मरने. समुंदर है, दारू सस्ती है. घर से झगड़ा करके आते हैं, दो दिन खाते-पीते हैं, फिर कमरे में फंदा लगा लेते हैं. पुलिस लॉजवाले को थाने में बिठाती है. इसलिए अकेले को कोई कमरा नहीं देता. और आप तो बूढ़े, घरवाली भी मर गई. आपको तो कोई नहीं देगा."

खरं सांगतो, जातीसाठी हाकललं असतं तर बरं झालं असतं. त्याच्याशी लढता येतं, बापजाद्यांपासून लढतच आलो. पण ही माणसं मला मेल्यात जमा करून मोकळी झाली होती, आणि वर त्यांना माझी कीव येत होती. मी दारूबंदीच्या जिल्ह्यातला माणूस. वर्ध्यात उघड दारूचं दुकान नाही. इथं दोन पावलांवर एक, दारावर रंगीत दिवे, आणि त्या दारूच्या दुकानात एकट्या माणसाला कोणी अडवत नाही. अडवतात ते झोपायच्या ठिकाणी.

"एक काम करो," सेठ म्हणाला. "बोल दो, घरवाली कल की बस से आ रही है. दो आदमी का कमरा ले लो. कौन देखता है."

"झूठ बोलूँ?"

"तो रोड पर सो जाओ." मग चहा मागवता मागवता त्यानं सहज विचारलं, "वैसे आप किस समाज के हो?"

एवढ्या गावात एकाची भाषा मला समजली, आणि त्यानंच नेमकी जात विचारली. मी सांगितली. चहा आला तो कागदी पेल्यात. त्याच्या स्वतःसाठी काचेचा. कदाचित गिऱ्हाइकाला तो कागदीच देत असेल, मला माहीत नाही. मी पेला तसाच ठेवून उठलो.

अम्माचं लॉज

पण रात्र तर होणार होती. फोन करून राजूला सांगितलं असतं तर त्यानं कोणत्याही लॉजवाल्याशी दोन शब्द बोलून माझी खोली करून दिली असती. आणि माझं घर गेलं असतं. म्हणून मी सेठचा सल्ला घेतला. त्याचा चहा नाही घेतला, सल्ला घेतला.

गावाच्या जुन्या बाजूला, खाली खानावळ आणि वर खोल्या, असं एक लॉज होतं. मालकीण माझ्याच वयाची बाई, सगळे तिला अम्मा म्हणत. ठेंगणी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. नवरा रेल्वेत होता, तेव्हा उत्तरेकडे कुठंतरी राहिली होती. त्यामुळे तिला मोडकी हिंदी येई.

"अकेला?" तिनं विचारलं.

"घरवाली कल आ रही है. बस से."

"नाम?"

इथं मी अडकलो. आमच्याकडे जुनी माणसं बायकोचं नाव घेत नाहीत. ती होती तोवर मी तिला 'राजूची माय' म्हणत होतो, नाहीतर नुसतं 'अवो'. सगळ्या संसारात तिचं नाव माझ्या तोंडून कधी निघालं असेल तर मला आठवत नाही. आणि ते निघालं या परक्या गावात, लॉजच्या टेबलापुढे, खोटं बोलताना.

"कौसल्या," मी म्हणालो.

"कौसल्या," अम्मा म्हणाली. "अच्छा नाम."

खोली मिळाली. दोन खाटा जोडलेल्या, दोन उशा. मी भिंतीकडच्या बाजूला झोपलो. तीच माझी घरची बाजू.

गाव

सकाळी उठून गाव पाहायला निघालो, कारण आलोच आहे तर पाहू. गाव म्हणजे दोन गावं आहेत. समुद्राकडे फ्रेंच गोऱ्यांनी बांधलेलं, पट्टीनं आखल्यासारखे रस्ते, पिवळ्या-पांढऱ्या भिंती, उंच दारं, भिंतीवरून लोंबणारी लाल फुलं. मग एक नाला, बांधून काढलेला. आणि नाल्याच्या अलीकडे इथल्या माणसांचं गाव, दाट, आवाजाचं, मासळीच्या वासाचं. पुण्या-मुंबईचे पाहुणे गोऱ्यांच्या बाजूला फोटो काढत होते. हौसेनं आलेल्या एका पोरीनं मला हिंदीत सांगितलं की किती सुंदर योजना आहे ना, मधात कालवा.

मी म्हणालो, "बाई, ही योजना आमच्या गावात फ्रेंच न येता झाली. तिकडे गाव, मधात नाला, इकडे आमची वस्ती. तुमी तिथंबी या फोटो काढाले."

ती हसली. तिला ती गंमत वाटली.

कॅलेंडरातली ती पिवळी भिंतही पाहिली. म्हणजे तशाच शंभर भिंती होत्या, त्यांतली कोणती ती मला कळणार नव्हतं. एका ठिकाणी शिडीवर माणूस रंग मारत होता. मी खालून हातवारे करून विचारलं, हे दरवर्षी? त्यानं समुद्राकडे बोट दाखवलं, मग भिंतीवर नख ओढलं. पोपडा निघाला. खारी हवा भिंत खाते. दरवर्षी मारावंच लागतं. वाटलं, घरी जाऊन तिला सांगावं. असं अजून होतं. काही नवीन कळलं की पहिले तिच्याकडे जायला पाय वळतात आणि मग मी रस्त्यात उभा राहतो मूर्खासारखा.

आता समुद्र. आमचा तालुका समुद्रपूर, आणि समुद्र पाहिला म्हातारपणी. काय सांगू? पाणीच पाणी आहे, आणि बैलाला पाजता येत नाही. वर्धा नदीला पूर येतो तेव्हा निदान उतरतो. हा उतरतही नाही, चढतही नाही, नुसता दगडांवर डोकं आपटत राहतो. किनाऱ्यावर काळे दगड टाकले आहेत. मी पाय धुवायला म्हणून दोन दगड खाली उतरलो, तर शिट्टी वाजली. लाल टोपीचा पोलीस धावत आला आणि माझं मनगट धरून मला वर ओढलं.

"पाय धुवून राह्यलो," मी म्हणालो.

तो काहीतरी समजावू लागला. छातीवर हात ठेवून, लहान पोराला समजावतात तसं. मी हात झटकला. बाजूला बाप-लेकरं, नवरा-बायका खालच्या दगडांवर बसून लाटा अंगावर घेत होती. त्यांना शिट्टी नाही. एकटा म्हातारा म्हटला की सगळ्या गावाला त्याच्या गळ्यातला दोर दिसतो.

खाणं मात्र चांगलं. ते खोटं बोलणार नाही. केळीच्या पानावर भाताचा ढीग, त्यावर सांबार. आमच्या तर्रीची सर नाही, पण आंबट म्हणून भात उतरतो. कॉफी पितळेच्या वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत हातभर उंचीवरून ओततात. मी जन्मभर चहा गाळला, मला हात कळतो. तिथल्या खानावळीतल्या माणसाचा हात चांगला होता. कच्च्या केळाचे भजे खाल्ले. पीठ जाड, आत केळं मऊ, मीठ कमी. आमचे भजे बरे. तिचे.

दोन कप

पहिल्या संध्याकाळी मी दाखवायला म्हणून बसस्टँडवर जाऊन आलो. अम्मानं विचारलं, "नहीं आया?"

"गाड़ी छूट गई होगी. कल आएगी."

दुसऱ्या सकाळी खोलीत चहा आला तर दोन कप. मी पोराला म्हटलं, एकच. तो म्हणाला, "अम्मा बोला." दुपारी जेवायला गेलो तर शेजारी एक पान मांडून उलटं घालून ठेवलेलं. संध्याकाळी गरम पाण्याची जास्तीची बादली. मी काय करू? चहा थंड होऊ देणं मला जमत नाही, धंद्याची सवय आहे. मी दोन्ही कप पीत होतो.

सगळ्यात वाईट म्हणजे मला तिच्याबद्दल बोलावं लागू लागलं. अम्मा विचारे, तिला तिखट चालतं का? चालतं, माझ्यापेक्षा जास्त. मासळी खाते का? नदीची खाते, समुद्राची माहीत नाही. गुडघे दुखतात का? जिना चढेल ना? चढेल, सावकाश. हे सगळं मी 'खाते', 'चढेल' असं बोलत होतो. सेवाग्रामहून आणल्यापासून माझ्याशी तिच्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. घरी सगळे 'होती' म्हणत. किंवा गप्प बसत. मला या खोटेपणाचा राग येत होता, आणि खानावळीत जायची घाईही होत होती.

तिसऱ्या दिवशी मी बसस्टँडला निघालो तर अम्मा चप्पल घालून दारात उभी.

"मैं भी आता. आपको भाषा नहीं मालूम, वाइफ को भी नहीं. औरत खो जाएगा."

"नको. तकलीफ."

"चलो," ती म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

बसस्टँड

मद्रासच्या बस एकामागून एक येत होत्या. आम्ही खांबाजवळ उभे. अम्मानं विचारलं, "कैसा दिखता?"

मी सांगू लागलो. उंच. माझ्यापेक्षा उंच, लग्नात लोक हसले होते. काळी. हिरवं लुगडं, नऊवारी. केस पांढरे, मागे बांधलेले. हातात थैली, ती कोणाच्या हातात देणार नाही. बसमधून उतरताना दांडा दोन्ही हातांनी धरते आणि आधी खाली पाहते, मग समोर.

बस लागली. अम्मा पुढे होऊन दारात उतरणारी एकेक बाई पाहू लागली. आणि मीही पाहू लागलो. हे मला समजलं नाही कधी सुरू झालं. मी टाचा उंचावून पाहत होतो. एक बाई दोन्ही हातांनी दांडा धरून उतरली, मी दोन पावलं पुढे गेलो. तिनं तोंड वर केलं, दुसरीच होती.

पुढची बस आली. मी हललो नाही.

"नाई येणार," मी म्हणालो.

"क्या?"

"नहीं आएगी. मर गई. सावन में मर गई."

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, कीव करेल. तिनं हातातली छत्री माझ्या दंडावर मारली.

मग तिनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो अर्धा तिच्या भाषेत, अर्धा हिंदीत. मेलेल्या बाईच्या नावानं खोटं बोललास. तीन दिवस माझ्याकडून चहा घेतलास. मीही गप्प राहणारा नव्हे. मी म्हणालो, तुमीच शिकवता खोटं. खरं सांगणाऱ्याले रस्त्यावर झोपवता. बायको मेली तर माणसानं कुठं झोपावं, ते एकदा पाटीवर लिवून लावा. ती ओरडत होती, मी ओरडत होतो, आणि कंडक्टर गाड्या सोडून पाहत होते.

मग ती थांबली. दम लागला होता तिला. खांबाला टेकून म्हणाली, "दो साल पहले. बुड्ढा था. आपके जैसा, साफ कपड़ा. वो भी बोला, वाइफ आ रहा है. मैं रोज दो कॉफी दिया. वो दोनों पीता था." तिनं बोटं दाखवली, एक, दोन, तीन. "फिर दरवाज़ा नहीं खोला."

"आप दोनों कप पिया," ती म्हणाली. "उसी दिन मेरे को शक हुआ. इसलिए आया साथ में. अभी बोलो, आप मरने आया कि नहीं, मैं कैसे पहचाने?"

मी रागानं म्हणू शकलो असतो की नाही आलो. सगळ्यांना तेच म्हणत आलो होतो. पण तिनं विचारल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, आपण स्वतःला विचारलंच नाही. गाडीत बसलो तेव्हा काय मनात होतं, एक हप्ता संपल्यावर काय, यातलं काहीच मी ठरवलं नव्हतं. फक्त घर सोडायचं नाही एवढं ठरवलं होतं, आणि घर सोडून आलो होतो.

"बेटा है?" तिनं विचारलं.

"है."

"फोन करो."

"फोन किया तो घर जाता है मेरा." मी शर्त सांगितली. तिनं ऐकली, आणि तिचं म्हणणं बदललं नाही. "घर जाएगा तो जाएगा. फोन करो, नहीं तो मेरा खोली नहीं. मैं दूसरा बार पुलिस नहीं बुलाएगा."

समोर एसटीडीचं दुकान होतं. नंबर मीच लावला, माझ्या बोटानं. हे मुद्दाम लिहितो, कारण मागाहून राजू म्हणू लागला की फोन त्या बाईनं करायला लावला, म्हणून शर्त मोडली असं होत नाही. मोडली.

"हॅलो. बाबा? बाबा, कुठं हायेत?"

"पाँडिचेरी."

"तब्येत?"

"चांगली. शर्त हारलो मी. पण लॉजवाली बाई बोलते, तिच्याशी बोल."

अम्मानं फोन घेतला. "तुम्हारा बाप मेरे पास है. तुम्हारा मम्मी का नाम लेके झूठ बोला, बोला वो बस से आएगा. तीन दिन बसस्टैंड आया देखने को. तुम बोलो, मैं इसको रूम देगा कि नहीं?"

पलीकडून राजू काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, अम्मा शेवटी एवढंच म्हणाली, "देगा." मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मला त्यांचा राग येत होता. मग अम्मानं फोन माझ्याकडे दिला. राजू रडत होता. तो मौतीच्या दिवशी रडला नव्हता, पाहुण्यांच्या चहापाण्याचं पाहत होता. मीही नव्हतो रडलो, मी त्याच्यावर ओरडत होतो.

"बाबा," तो म्हणाला, "मी रोज रात्री फोनच्या बाजूलेच झोपून राह्यलो. मले वाटे, आज फोन येईन. आज येईन."

"तूच म्हटलं होतं, करू नका."

"मी म्हटलं, अन् तुमी ऐकलं. जिंदगीत पहिल्यांदा ऐकलं, तेबी हेच." मग म्हणाला, "त्या बाईले सांगितलं मी, की आमचा बाप मरणारा नाई, भांडणारा हाये. खोली देतो म्हणाली. हप्ता पुरा करून येजा."

परत

अम्मानं वरची खोली काढून घेतली. खाली, तिच्या स्वयंपाकघराला लागून एक खोली होती, ती दिली. एक खाट. पंखा टेबलावरचा, वर कडी नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. उरलेले दिवस मी तिथं झोपलो. सकाळी चहा एकच कप येई आणि तो रागानं आदळून ठेवलेला असे. निघायच्या दिवशी तिनं शिदोरी दिली. मी पाया पडलो नाही, तिनंही आशीर्वाद दिला नाही. एवढंच म्हणाली, "अगला बार बेटा को लेके आना. नहीं तो मत आना."

वर्ध्याला स्टेशनवर राजू होता. मी घराची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. शर्त म्हणजे शर्त. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि खिशात ठेवली. त्यानं नाही म्हणावं असं मला वाटत होतं, हे लपवत नाही. "रस्त्याचं काम चौकात येईपर्यंत राहा," तो म्हणाला. "मग पाहू." तेव्हापासून मी सकाळ-संध्याकाळ रस्त्याकडे पाहतो. मशिनी हिंगणघाटच्या बाजूनं येत आहेत. भजेही तळायला लागलो आहे. मीठ अजून चुकतं. गिऱ्हाईक सांगतं, मी त्याच्यावर चिडतो, मग पुढच्या घाण्यात दुरुस्त करतो.

तुमच्यापैकी कोणाला पाँडिचेरीला जायचं असेल तर माघात जा, हवा बरी असते. केळाचे भजे खा. दगडांवर उतरू नका. आणि एकटे जाणार असाल तर लॉजमध्ये खरं सांगू नका, खोली मिळणार नाही. बायको उद्या येते म्हणा, लगेच किल्ली देतील. पण मग दररोज संध्याकाळी बसस्टँडवर जावं लागतं, आणि उतरणाऱ्या एकेका बाईच्या तोंडाकडे पाहावं लागतं.